कुठे आवडलं, ते सांगा

प्रश्न : मागच्या अंकात आवडत्या पुस्तकांबद्दल लिहिताना तुम्ही ‘स्मृतिचित्रे’चं नाव घेतलंत आणि लगेच पुढे गेलात. तुमच्या वयाच्या मुलीला एवढ्या जुन्या आत्मचरित्रात काय सापडलं? (पाचपाखाडी, ठाणे)

पुढे गेले कारण जागा संपली होती. या पुस्तकावर दोन ओळींत लिहिणं मला जमत नाही.

‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक रडगाणं गात नाहीत आणि काही लपवतही नाहीत. वडिलांच्या सोवळ्याच्या वेडापायी अख्खं घर कसं पिचलं, हे त्या अशा सांगतात की आधी हसू येतं आणि मग पोटात कालवतं. नवरा मोठा कवी, मनाने उदार, पण तापट. १८९५ मध्ये ना. वा. टिळक ख्रिस्ती झाले. त्यानंतर सुमारे पाच वर्षं दोघं वेगळी राहिली आणि १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. धडा म्हणून शिकवताना एवढंच सांगतात.

मला मात्र बाप्तिस्म्याच्या आधीचं एक प्रकरण सगळ्यात जास्त आवडतं. त्या टिळकांकडे परत आल्यात, पण आपलं सोवळं सांभाळून आहेत. टिळक बळजबरी करत नाहीत. मग एके दिवशी एकट्या असताना त्यांच्या मनात येतं, या जाती देवाने केल्या की माणसाने? त्या विचार करत जातात, मध्ये थांबत नाहीत, आणि शेवटी ठरवतात की यापुढे कुणाच्याही हातचं खायचं. प्रवचन कुणी दिलेलं नाही. एका बाईचं डोकं काम करताना आपल्याला दिसतं, बस.

माझी आजी स्वयंपाकघरातले काही नियम अजून सोडत नाही आणि त्यावरून आमचं वाजतं. हे प्रकरण मी तिला मोठ्याने वाचून दाखवलं. चष्मा पुसत ती म्हणाली, “तिच्या मागे कुणी लागलं नाही ना, म्हणून तिला सुचलं.” हे मला कुठल्याही प्रस्तावनेत वाचायला मिळालं नव्हतं.

पुस्तक आमच्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयातून आणलं होतं. ही संस्था १८९३ ची, म्हणजे टिळकांच्या धर्मांतराच्याही आधीपासून गावात आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं. तुम्ही वाचणार असाल तर संक्षिप्त आवृत्ती घेऊ नका. कापलेल्या पानांत त्यांचं बोलणं हरवतं, आणि ते बोलणं हेच तर पुस्तक आहे.

प्रश्न : ऑडिओबुक ऐकलं तर ‘पुस्तक वाचलं’ असं म्हणावं का? (ऐरोली)

खुशाल म्हणा. आपल्याकडे पोथी एक जण वाचायचा आणि सगळं घर ऐकायचं. फक्त कवितासंग्रह ऐकून सोडून देऊ नका, एकदा डोळ्यांखालून घाला. कवीने ओळ कुठे तोडली आहे, ते कानाला कळेलच असं नाही.

प्रश्न : शास्त्रीय संगीत ऐकावंसं वाटतं, पण काहीच कळत नाही. सुरुवात कुठून करू? (नेरूळ)

किशोरी आमोणकरांच्या ‘सहेला रे’पासून. राग भूप. सा, रे, ग, प, ध एवढेच पाच सूर. पहिले काही दिवस दुसरं काही ऐकू नका, तेच पुन्हा पुन्हा लावा. मुखडा, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी पहिली ओळ, तोंडात बसला की त्या तो दर वेळी कुठून, किती वळसा घेऊन समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आणतात, ते आपोआप ऐकू यायला लागतं. मीही गाणं शिकलेले नाही, त्यामुळे हे अनुभवाने सांगते.

नंतर देशकार ऐका. सूर तेच पाच! पण भूपाचा जीव गंधारात, म्हणजे ‘ग’मध्ये, आणि देशकाराचा धैवतात, म्हणजे ‘ध’मध्ये. भूप संध्याकाळ सरल्यावरचा, देशकार सकाळचा. मी कोपरखैरण्याला नोकरीला जाते. सकाळी ठाण्याच्या दहा नंबर फलाटावरून वाशीची गाडी पकडली की कानात देशकार, आणि रात्री परतताना भूप, असं बरेच दिवस मुद्दाम केलं. एका सकाळी ऐरोलीच्या पुढे, लेडीज डब्यात दाराशी उभी असताना, धैवतावर आवाज असा ठाम येऊन उभा राहिला की दोन रागांतला फरक व्याख्येशिवाय कळला. पुस्तकात मी तो आधी वाचला होता. कानाला पटायला मात्र ती सकाळ लागली.

तुम्हाला वेगळी जागा सापडेल. सापडली की मला जरूर कळवा, आणि ‘छान वाटलं’ एवढ्यावर थांबू नका. कुठे, कोणत्या सुरावर, ते लिहा.

प्रश्न : तुम्ही सगळं स्वतःवर आणता. कुमार गंधर्वांच्या निर्गुणी भजनांवर लिहितानाही वडिलांचं आजारपण आणलंत. अशा वैयक्तिक लिखाणाला किंमत काय? (कळवा)

प्रश्न रोखठोक आहे आणि मला तो महत्त्वाचा वाटतो.

बाबांना फुप्फुसाचा विकार होता. बोलताना दम लागायचा. “चहा” म्हणून थांबायचे, श्वास घ्यायचे, मग “ठेव गं” म्हणायचे. आम्हाला त्या थांबण्याची सवय झाली होती. पुढे काय येणार हे ठाऊक असूनही आम्ही मध्ये बोलत नसू.

कुमारांना ऐन उमेदीत क्षय झाला. ते देवासला येऊन राहिले, कित्येक वर्षं गाणं बंद होतं. अंथरुणावर पडल्या पडल्या माळव्यातली लोकगीतं कानावर पडत होती, त्यातून पुढे त्यांचे धुनउगम राग, म्हणजे लोकधुनांतून घडवलेले राग, आले. क्षयाने फुप्फुस अधू झालं म्हणून त्यांच्या गाण्यात लांबलचक ताना नाहीत, तुकडे आहेत, असं पुष्कळदा म्हटलं जातं. बाबांच्या उशाशी बसून मी निर्गुणी भजनं ऐकली आणि मला ते स्पष्टीकरण अपुरं वाटलं. दम लागलेला माणूस जिथे थांबावं लागतं तिथे थांबतो. कुमार शब्दाचा अर्थ बघून थांबतात. सूर एकदम झोकून देतात, तोडतात, आणि त्या रिकाम्या जागेत तंबोरे बोलू देतात. आजाराने त्यांना मर्यादा घातली असेल, पण कुठे तोडायचं हे त्यांनी ठरवलेलं आहे.

हे मला बाबांमुळे ऐकू आलं. पण जे ऐकू आलं ते कुमारांच्या गाण्यात आहे, तुम्हीही तपासून बघू शकता. बाबांबद्दल लिहून मी तिथेच थांबले असते तर तुमचा आक्षेप मला मान्य होता.

तपासायचं तर ‘उड जायेगा हंस अकेला’ लावा. इअरफोनवर नको, घरात बरा स्पीकर असेल तर त्यावर. कुमार तंबोरे सुरात लावण्यासाठी किती वेळ घेत, याचे किस्से जाणकार सांगतात. ती मेहनत मोबाइलच्या पत्र्यासारख्या आवाजात पोचत नाही.