क्वेकर पूर्वजाचे आईवडील ठरवताना
केवळ आडनाव जुळते म्हणून पेनसिल्व्हेनियातील वसाहतकालीन पूर्वजाला एखाद्या घराण्यात बसवण्याची घाई करू नका. क्वेकर या ख्रिस्ती पंथात बाप्तिस्मा नसल्याने, आईवडिलांची नावे देणारी ती नोंद मिळणार नाही. त्याऐवजी मासिक सभेची (म्हणजे स्थानिक क्वेकरांच्या कामकाजाच्या बैठकीची) इतिवृत्ते, विशेषतः स्त्रियांच्या सभेची, ओळ न ओळ वाचा. विवाहपत्रावर उपस्थितांच्या सह्या असतात आणि जवळच्या नातलगांच्या सह्या बहुधा वधूवरांच्या सह्यांखाली सापडतात. मात्र तिथे सही आहे म्हणजे तो बापच, असे धरू नका, कारण काका-मामाही तिथेच सही करत. क्वेकर महिने नावांऐवजी क्रमांकांनी लिहीत आणि १७५२ पूर्वीचा ‘पहिला महिना’ म्हणजे मार्च, हे विसरलात तर मूल लग्नाआधीच जन्मल्याचा नसता घोळ होतो. समाजाबाहेर लग्न केल्यामुळे सदस्यत्व गमावलेल्यांचा माग मृत्युपत्रांत आणि जमिनीच्या खरेदीखतांत घ्या.