बढती मिळाली, संध्याकाळ गेली

प्रश्न : ऐरोलीच्या आयटी कंपनीत नुकताच नऊ जणांच्या टीमचा मॅनेजर झालो. दिवसभर मीटिंगा, मग रात्री सगळ्यांचा कोड तपासायचा. न्यूयॉर्कच्या कॉलमुळे ठाण्याला घरी पोचायला दहा वाजतात. नेमकं काय सोडू?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : आधी कोड तपासणं सोडा. प्रत्येक बदल तुमच्या मंजुरीसाठी थांबला की काम तुंबतं आणि टीममधले जाणते निर्णय घ्यायला शिकतच नाहीत. त्यांतल्या दोघांना मंजुरीचा अधिकार लेखी द्या. डेटाबेसची रचना, पैशांचे व्यवहार आणि सुरक्षा, एवढंच स्वतःकडे ठेवा.

वाचलेल्या वेळात प्रत्येकाशी आठवड्याला अर्धा तास स्वतंत्र बोला. नऊ जणांचे साडेचार तास होतात. दोन दिवसांत बसवा. कामाची प्रगती तिथे विचारू नका, ती टीमच्या कामांच्या बोर्डवर दिसतेच. अडतंय कुठे, पुढे काय शिकायचंय, हे विचारा. ही भेट वारंवार रद्द करणाऱ्या मॅनेजरला राजीनाम्याची बातमी सगळ्यांत शेवटी कळते.

न्यूयॉर्कचे सकाळचे ९ म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे ६:३०, आणि नोव्हेंबर ते मार्च ७:३०. तीच वेळ मागून घ्या, तीही आठवड्यातून दोनदाच; बाकी दिवशी लेखी अहवाल पाठवा. रात्री सिस्टीम बंद पडली तर फोन कोणी उचलायचा याची आठवड्याची पाळी लावा, त्यात तुमचंही नाव हवं. घरच्यांसाठीच्या संध्याकाळी कॅलेंडरवर आधीच अडवा. मोकळी जागा दिसली की तिथे कोणीतरी मीटिंग टाकतंच.