नेट की सेट? आधी एवढं बघा

नेट ही राष्ट्रीय आणि सेट ही राज्याची पात्रता परीक्षा. दोन्हींचा फॉर्म भरा. सहायक प्राध्यापक पदासाठी राज्यात दोन्ही चालतात, पण महाराष्ट्राची सेट महाराष्ट्र आणि गोव्यापुरतीच, नेट देशभर. शिवाय जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप, फक्त नेटमधून मिळते.

कला-वाणिज्यवाल्यांना अभ्यास एकच पुरतो: पेपर १ (सगळ्यांना सारखा) मध्ये ५० प्रश्न, पेपर २ (आपला विषय) मध्ये १००, प्रत्येकी २ गुण, निगेटिव्ह मार्किंग नाही. म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका. विज्ञानाच्या बहुतेक विषयांची नेट मात्र सीएसआयआर या केंद्राच्या विज्ञान-संशोधन संस्थेची, वेगळी. तिथे चुकीला गुण कापतात, म्हणून सगळेच प्रश्न सोडवायची सवय तिकडे नेऊ नका.

सुरुवातीच्या नेहमीच्या चुका:

- पेपर १ शेवटच्या आठवड्यावर ढकलणं. दहा घटक आहेत. आकडेवारी आणि उतारा रोज सोडवा.
- ४० टक्के म्हणजे पास समजणं. ती फक्त किमान अट. पात्र ठरतात हजर उमेदवारांपैकी साधारण ६ टक्केच.
- जातीचा प्रवर्ग न तपासणं. हे फार महाग पडतं! नेटला केंद्राची ओबीसी यादी आणि केंद्राच्या नमुन्यातलं नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र लागतं, सेटला राज्याचं. दोन्ही आत्ताच काढून ठेवा.

पुस्तकं नंतर घ्या, आधी जुन्या प्रश्नपत्रिका सोडवा.