साक्रीच्या ताईला: विहिरींची वही आणि पीएचडीचा अर्ज

ताई, तुझा प्रश्न दोनदा वाचला. एमएस्सी पर्यावरणशास्त्र झालंय, साक्री तालुक्यातल्या चौदा विहिरींची पातळी तू आणि गावातली पोरं अडीच वर्षं वहीत लिहिताय, आणि आता ब्रिटनमधल्या एका विद्यापीठाची 'पार्टिसिपेटरी सिटिझन सायन्स' (सामान्य लोकांच्या सहभागाने केलेलं विज्ञान) या विषयातली फंडेड पीएचडीची जाहिरात दिसली. शोधनिबंध एकही नाही, मुदतीला तीन आठवडे. अर्ज करू का, आणि 'लोकांनी घेतलेली मापं खरी कशावरून' असं मुलाखतीत विचारलं तर काय सांगू, हे तुझे दोन प्रश्न.

अर्ज कर. (माझी पुतणी तुझ्याच वयाची, म्हणून सरळ 'तू' म्हणतोय, राग मानू नको.) शोधनिबंध नाही म्हणून घाबरू नको, अडीच वर्षं सलग भरलेली वही कमी लोकांकडे असते. पण आधी पैशाचं बघ, आपल्याकडची पोरं तिथेच फसतात.

'फुल्ली फंडेड' म्हणजे नेमकं कोणासाठी, हे जाहिरातीच्या तळाशी बारीक अक्षरात असतं. तिथला बराचसा सरकारी पैसा यूकेआरआय या संशोधनाला निधी देणाऱ्या संस्थेमार्फत येतो. २०२५-२६ साठी त्यांचं किमान विद्यावेतन वर्षाला २०,७८० पौंड होतं, पण बाहेरच्या देशांतल्या विद्यार्थ्यांसाठी जागा ३० टक्क्यांपर्यंतच. इतर काही जागांवर तर फी फक्त तिथल्या विद्यार्थ्याच्या दराने भरली जाते. वरचा फरक विद्यापीठ भरणार की तुझे वडील, हे आजच एका ओळीच्या ईमेलने विचार. शिवाय व्हिसाच्या अर्जासोबत आरोग्य अधिभार आगाऊ भरावा लागतो, विद्यार्थ्याला वर्षाला ७७६ पौंड. चार वर्षांचे तीन हजारांवर गेले, आणि तेही पहिलं विद्यावेतन हातात पडायच्या आधी. दुसऱ्या देशात जायला अडचण नसेल तर युरोपातल्या मारी क्युरी डॉक्टोरल नेटवर्कच्या (युरोपीय संघाच्या पैशातल्या पीएचडीच्या) जागाही बघ. तिथे देशाची अट नसते, उलट ज्या देशात जायचं तिथे मागच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेली नसावीस ही अट असते. तू धुळ्याबाहेर फार गेली नाहीस हे पहिल्यांदाच कामी येईल.

इथला मार्ग बंद करू नको. नेट या पात्रता परीक्षेचा फॉर्म भर. त्यातून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये, घरभाडं वेगळं. जेआरएफ हुकली तरी २०२४ पासून नेटचे गुण पीएचडी प्रवेशाला चालतात. जळगावच्या आपल्या विद्यापीठात राहून हेच काम करता येईल, आणि विहिरीपण जवळ.

आता मुद्द्याचं. जाहिरातीत 'सिटिझन सायन्स'च्या आधी 'पार्टिसिपेटरी' लिहिलंय ना, अर्ज त्या एका शब्दावर पास किंवा नापास होणार. मुकी हॅकले नावाच्या लंडनच्या संशोधकाने २०१३ मध्ये लोकसहभागाच्या चार पायऱ्या मांडल्या. सगळ्यात खाली लोक म्हणजे नुसते मोजमापाचे यंत्र. त्यावर, थोडा अर्थ लावणारे. तिसऱ्या पायरीवर प्रश्न लोक ठरवतात आणि माहितीही तेच गोळा करतात. चौथीवर विश्लेषणापर्यंत सगळं बरोबरीने. माझ्या पीएचडीत मी स्वतः पहिलं दीड वर्ष सगळ्यात खालच्या पायरीवर होतो आणि मला ते कळलंसुद्धा नव्हतं.

झालं असं. पारोळा तालुक्यात मी अकरा विहिरी घेतल्या होत्या. दर सोमवारी सकाळी सातला माप. पहिल्याच हिवाळ्यात आलेख वेड्यासारखा: या आठवड्यात पातळी वर, पुढच्या आठवड्यात खाली, परत वर. मी आणि माझे मार्गदर्शक दोन महिने मापणाऱ्या पोरांच्या चुका शोधत बसलो. दोन पोरांच्या नोंदी वगळायचंही ठरलं होतं. शेवटी वैतागून आलेख मोठ्या कागदावर छापला आणि पारावर नेऊन टांगला. एका आजोबांनी चष्मा लावला, बोट फिरवलं आणि म्हणाले, "रातले लाइट ऱ्हास, मंग सकायले हेर रितीच ऱ्हाई ना भो!"

शेतीची लाइट काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्री मोटार चालली की सकाळी सातला विहीर उपसलेली, आणि आपल्या काळ्या पाषाणात झिरपून परत भरायला तिला वेळ लागतो. आम्ही भूजल मोजतच नव्हतो, विजेची पाळी मोजत होतो. पोरांची मापं एकूण एक बरोबर होती. चुकीचा होता तो माझा फॉर्म.

त्यानंतर गावानेच वहीत दोन रकाने वाढवले: रात्री मोटार चालली का, आणि बंद कधी झाली. तिसरा रकाना परसाचा, म्हणजे पाण्याची खोली सांगायच्या जुन्या मापाचा. मी सगळं मीटरमध्ये मागत होतो, आणि लोक घरी जाऊन आपसात 'दोन परस पाणी शे' असंच बोलत होते. प्रबंधातलं सगळ्यात चांगलं प्रकरण या तीन रकान्यांवर उभं राहिलं, आणि त्यातला एकही माझ्या डोक्यातून आलेला नाही.

म्हणून तुझ्या प्रस्तावात 'गावकऱ्यांच्या मदतीने माहिती गोळा केली जाईल' हे वाक्य मला दिसता कामा नये. तू जाता जाता लिहिलंयस की बाया विचारतात, शाळेजवळची विहीर कोणत्या महिन्यात आटेल ते आधी सांगता येईल का. अगं, हाच तुझा संशोधनाचा प्रश्न! पहिल्या परिच्छेदात घाल, त्यांच्याच शब्दांत. आणि तू पांझरेकाठची आहेस, फडपद्धतीवर चार ओळी तरी लिही. बंधाऱ्याचं पाणी फडाफडाने (फड म्हणजे शेतांचा एक पट्टा), पाटकरी पाणी देणार, जागल्या राखण करणार, यंदा किती फड भिजवायचे ते पाण्याकडे बघून शेतकरी मिळून ठरवणार. पाणी बघायचं आणि सगळ्यांनी मिळून ठरवायचं, हे तुमच्या नदीवर शेकडो वर्षं चाललंय. परीक्षकाला हे ठाऊक नसणार.

मापं खरी कशावरून, याचं एक उत्तर वरच्या गोष्टीत आहे. दुसरं आमच्या शहाद्याचं. रानपिंगळा हे छोटं घुबड १८८४ नंतर कोणाला खात्रीने सापडलं नव्हतं. मधला एकच नमुना होता, १९१४ सालचा, गुजरातेतल्या मांडवीचा म्हणून नोंदवलेला, आणि नोंदवणारा रिचर्ड माइनर्ट्‌झहागन म्हणजे त्या काळचा मोठा पक्षितज्ज्ञ. तो नमुना संग्रहालयातून चोरून खोटी चिठ्ठी लावलेला निघाला. अमेरिकन पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांनी ती नोंद बाजूला ठेवून जुन्या खऱ्या ठिकाणी शोध घेतला, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये रानपिंगळा शहाद्याजवळ दिसला, ११३ वर्षांनी. मुलाखतीत सांग की माप घेणारा शिकलेला किती यावर माप खरं ठरत नाही. ते तपासायची सोय काय ठेवली, ते विचारा. तुझ्याकडे सोय आहे का? नसेल तर या तीन आठवड्यांत कर: चौदापैकी चार विहिरींवर दोन जणांनी वेगवेगळं, एकमेकांना न दाखवता माप घ्यायचं. फरक येईल तो लपवू नको, आकडा दे.

दोन गोष्टी पटकन. संमतीपत्र इंग्रजीत छापून पावरा किंवा भिल्ल म्हातारीचा अंगठा घेणं म्हणजे संमती नव्हे. त्यांच्या बोलीत तोंडी सांगून साक्षीदारासमोर नोंदवणार, असं लिही. आणि विहिरींसोबत रानभाज्या-औषधींची माहिती घ्यायचा मोह आवर. परदेशी संस्थेसाठी तसली माहिती घ्यायची तर २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे चेन्नईच्या राष्ट्रीय प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि तुझं पहिलं वर्ष कागदांतच जाईल.

पोर्टलवर अर्ज टाकण्याआधी त्या प्राध्यापकांना एका पानाचं पत्र पाठव. कशाचं कौतुक नको, बायांचा प्रश्न आणि तुझी चौदा विहिरींची ओळख पुरे. सोबत वहीच्या एका पानाचा फोटो जोड, मागच्या मे महिन्यातलं, खाडाखोड असलेलं. स्वच्छ करून पुन्हा लिहू नको.