शालेय नियतकालिकाच्या पहिल्या अंकाचे मुखपृष्ठ आणि अनुक्रमणिका
आपल्या विद्यार्थ्यांनी मुखपृष्ठासाठी सिंधुदुर्ग किल्ला, हापूस, होडी आणि दशावतार अशी चार चित्रे निवडली असली, तरी त्यांतले एकच ठेवावे; सगळीच चित्रे घालणे ही पहिल्या अंकात सर्रास होणारी चूक. अंकाचे नाव चित्रातल्या मोकळ्या आकाशावर घ्यावे आणि छपाईनंतर कडा कापल्या जातात म्हणून ए-४ पानाच्या (२१० × २९७ मिमी) कडेपासून अक्षरे १० मिमी आत ठेवावीत. अनुक्रमणिका पाने पक्की झाल्यावरच भरावी. आम्ही ती आधी छापली आणि निम्म्या कविता भलत्याच पानांवर निघाल्या. परीक्षण सोपे आहे: मुखपृष्ठ भिंतीवर लावून दहा पावलांवरून नाव वाचता येते का पाहावे, आणि पाचवीतल्या मुलाला अनुक्रमणिकेवरून एखादा लेख शोधायला सांगावा. रंगसंगतीचे बारकावे पुढच्या वर्षी पाहू.