मजल्यांना पीळ, मग खांबांचे काय?

महोदय,

स. न. वि. वि.

उद्यमनगरात आपला फाउंड्रीसाठी पॅटर्न (ओतकामाचा साचा ज्यावरून घेतात तो नमुना) बनवण्याचा व्यवसाय आहे, मुलगी बारावी विज्ञानाला आहे, आणि दुबईतील पीळ दिलेल्या निवासी मनोऱ्याची छायाचित्रे पाहिल्यापासून ‘अशाच इमारती बांधायच्या’ असे ती म्हणते. तेव्हा तिने आर्किटेक्चर घ्यावे की सिव्हिल, आणि कोल्हापुरात या शिक्षणाचा उपयोग काय, असे आपण विचारले आहे. ‘मजले फिरतात, मग खांब कुठे जातात?’ हा तिचा प्रश्न आपण जाता जाता लिहिला आहे, परंतु माझ्या मते निर्णय त्यातच आहे.

कारण प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर प्रत्येक इमारतीत निराळे आहे. दुबईच्या ३०६ मीटर उंच कायान टॉवरमध्ये (२०१३) प्रत्येक मजला खालच्या मजल्यापेक्षा १.२ अंशांनी फिरवला असून एकूण पीळ ९० अंशांचा आहे. लिफ्ट सामावणारा मधला गाभा गोल असल्यामुळे तोच नकाशा त्याच्याभोवती फिरवता आला, आणि बाहेरचे खांब मजल्यागणिक थोडे थोडे सरकत वर गेले. कॅनडातील मिसिसागा येथील जोडमनोऱ्यांत (२०१२) भारवाहक भिंतींची लांबी मजल्याच्या कडेनुसार कमीजास्त केली आहे. स्वीडनमधील माल्मो येथे सांतियागो कालात्रावा यांनी रचलेल्या १९० मीटरच्या मनोऱ्यात (२००५) नऊ ठोकळे काँक्रीटच्या गाभ्यावर पेललेले असून बाहेरून पोलादी सांगाडा त्याला साथ देतो.

कललेल्या खांबातून उतरणाऱ्या भाराचा काही अंश आडवा जोर लावतो, आणि सगळे खांब एकाच दिशेने वळत असतील, तर इमारतीचे स्वतःचे वजनच तिला आणखी पिळू पाहते. हा पीळ मुख्यतः गाभ्याला सोसावा लागतो. त्यातच काँक्रीट सततच्या भाराखाली वर्षानुवर्षे किंचित दबत राहते, त्यामुळे पुढे होणाऱ्या हालचालीचा हिशेब बांधतानाच धरावा लागतो. धातू थंड होताना आकसणार म्हणून आपण पॅटर्न थोडा मोठा ठेवता, तशातलाच हा विचार आहे, आणि आपल्या घरात तो नवा नाही.

रूप आर्किटेक्ट ठरवतो, खांबांचा प्रश्न स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या टेबलावर येतो. म्हणून मी सिव्हिलची शिफारस करतो: एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेतून चार वर्षांची पदवी, नंतर गेट ही पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा देऊन स्ट्रक्चर्समध्ये एम.टेक. सांगलीचे वालचंद महाविद्यालय घराजवळ आहे. गुण तसे असतील, तर पुण्याचे सीओईपी किंवा मुंबईचे व्हीजेटीआय पाहावे. घरांची मांडणी, प्रकाश, जिन्यावरून माणसांची ये-जा यांत तिचे मन अधिक रमत असेल, तर मात्र माझे मत बदलेल. मग नाटा परीक्षा आणि पाच वर्षांचे बी.आर्क. हाच मार्ग योग्य.

असे मनोरे जगात थोडे आहेत आणि बहुतेक स्ट्रक्चरल इंजिनिअरांचे आयुष्य सरळ इमारतींत जाते, हे तिला आताच सांगावे. तरी पिळाचे गणित वाया जात नाही. जिना आणि लिफ्टच्या जाड भिंती एकाच कोपऱ्यात असलेली साधी इमारतही भूकंपात स्वतःभोवती फिरू पाहते, आणि आयएस १८९३ या भारतीय मानकात अशा विषमतेचा स्वतंत्र विचार आहे. १९६७ चा कोयनेचा भूकंप अनुभवलेल्या आपल्या भागात हे काम रोजचेच आहे.

सीईटी झाल्यावर तिला शहरातील एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनिअरबरोबर स्लॅबचे काँक्रीट ओतण्याच्या आदल्या दिवशी बांधकामावर पाठवावे. सळ्यांचा नकाशा हातात घेऊन प्रत्यक्ष बांधलेल्या सळ्या तिने तासभर जुळवून पाहाव्यात. कंटाळली, तर मला पुन्हा लिहावे.

आपला,
करिअर मार्गदर्शक