ऑफिसात नेट बंद, मग शिकायचं कधी?

"मॅडम, यूट्यूब बंद, गिटहब बंद, स्टॅक ओव्हरफ्लोसुद्धा उघडत नाही. दोन वर्षांत मी बाजारातून बाद होईन."

माझ्याकडे सल्ल्याला आलेला, नागपूरच्या मिहान या उद्योग वसाहतीत क्लायंटच्या ऑफिसात बसून काम करणारा तिशीतला आयटी कन्सल्टंट. गिटहब म्हणजे कोड ठेवायची साइट आणि स्टॅक ओव्हरफ्लो म्हणजे प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांची. घरी तान्हं बाळ. ही काळजी नागपुरातल्या बऱ्याच आयटीवाल्यांकडून ऐकते. पण याची झोप उडाली होती वेगळ्याच कारणानं, ते तासाभरानं बाहेर आलं. क्लायंटच्या लॅपटॉपला मोबाइलचा हॉटस्पॉट जोडून तो ट्युटोरियल बघायचा आणि रात्रभर पकडले जाण्याच्या धास्तीत असायचा.

ते आधी थांबवायला सांगितलं. नेट कुठलंही जोडा, लॅपटॉपवरचं देखरेखीचं सॉफ्टवेअर नोंद ठेवू शकतं. आणि ही बंदी त्याच्यावर संशय म्हणून नव्हती. 2023च्या डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेत हयगय केल्यास दंड 250 कोटींपर्यंत आहे. आयएसओ 27001 या माहिती सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या 2022च्या आवृत्तीत तर वेब फिल्टरिंगचा, म्हणजे साइट्सवर बंधन घालण्याचा, मुद्दा स्वतंत्रच आला. क्लायंट दारं लावून घेणारच.

मग विचारलं, "पगार कोण देतं?" तो दुसऱ्या कंपनीच्या पटावर. म्हणजे राग क्लायंटवर आणि शिकवण्याची जबाबदारी भलत्याचीच! त्या कंपनीत त्याने कधी तोंडच उघडलं नव्हतं, कारण शिकण्याचे तास क्लायंटच्या बिलात बसत नाहीत.

माझ्यासमोरच बसून त्याने क्लायंटला मेल लिहिला. त्याचा पहिला मसुदा होता, 'कृपया इंटरनेट सुरू करावे.' असा मेल वाचून कोण काय करणार? मग लिहिलं: कुठली साइट, कुठल्या कामासाठी, किती दिवस. दुसरा मेल स्वतःच्या मॅनेजरला, आठवड्यातले दोन तास मागणारा.

बोलता बोलता आणखी एक गाठ सुटली. त्याचं ॲझ्योरचं, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या क्लाउड सेवेचं, असोसिएट प्रमाणपत्र वर्षाने संपत होतं आणि पुन्हा पैसे भरून परीक्षा द्यावी लागेल, या हिशेबाने तो हबकला होता. नूतनीकरण फुकट असतं, मुदत संपण्याआधीच्या सहा महिन्यांत घरबसल्या मायक्रोसॉफ्ट लर्न या त्यांच्या शिकण्याच्या साइटवर करता येतं. हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

मायक्रोसॉफ्ट लर्न उघडून मिळालं, गिटहब नाही. कंपनीने शुक्रवारची दुपार कबूल केली, तीही काम नसेल तर. रविवारची सकाळ बायकोने दिली, मात्र बाळाची आंघोळ आटोपल्यावर.